पंडिता रमाबाई : सेवेच्या वाटेने श्रद्धेकडे

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले, की वर्षाला १२० तास समाजसेवा करावी लागते. दोन वर्षांचे २४० तास आणि एक सात दिवसांचे शिबिर, एवढे पुरे केले की प्रमाणपत्र हाती पडते. आपल्यापैकी अनेकांनी खेड्यात जाऊन रस्ते झाडले आहेत, वृक्षारोपण केले आहे, साक्षरतेच्या फेऱ्या काढल्या आहेत. ही कामे चांगलीच आहेत. परंतु शिबिराच्या शेवटच्या रात्री शेकोटीभोवती बसल्यावर मनात एक प्रश्न उभा राहतो. तास मोजायला वही नसती, तर आपण हे केले असते का? माणूस दुसऱ्यासाठी झिजतो, तो नेमका कशाच्या बळावर?

हा प्रश्न एका मराठी स्त्रीने इंग्लंडात विचारला होता, त्याला आता एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. मिळालेल्या उत्तराने तिचे सारे आयुष्य बदलले. तिचे नाव पंडिता रमाबाई. आपल्या घाटकोपर-मुलुंडच्या फलाटावरून पुण्याच्या दिशेने धडधडत जाणाऱ्या गाड्या आपण रोज पाहतो. त्यांतल्या काही पुणे ओलांडून दौंडकडे जातात, आणि दौंडच्या अलीकडे केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. रमाबाईंचे 'मुक्तिसदन' तेथले. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव आपण वाचलेले असते. समाजसुधारकांच्या यादीत फुले, आगरकर, कर्वे यांच्याबरोबर ते पाठही केलेले असते. पण त्या ख्रिस्ती झाल्या, या एका वाक्यापाशी आपण थोडे अडखळतो आणि पुढे जातो. या लेखात तेथेच थोडे थांबावे असा विचार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व कर्मठ वैष्णव. परंतु स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे ठाम मत होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकवले, आणि त्याबद्दल शास्त्रीपंडितांपुढे जाबही दिला. पुढे याच लक्ष्मीबाई आपल्या धाकट्या लेकीला पहाटे, पक्षी जागे होण्याच्या वेळी, उठवून श्लोक सांगू लागल्या. रमेचे वर्ग असे आईच्या मांडीवर भरले. भागवतातील हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले.

पुढे घरची स्थिती बिघडली. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत हिंडू लागले. शास्त्रीबुवांची विद्या मोठी, परंतु मोलमजुरी करावी तर जातीला कमीपणा, आणि हातात दुसरा कसलाही उद्योग नाही. अशात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते दानधर्मात व पोटात गेले. झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. उपासमारीला कंटाळून वृद्ध अनंतशास्त्र्यांनी जलसमाधीचा निश्चय केला. तेव्हा थोरला मुलगा श्रीनिवास पडेल ते काम करण्यास तयार झाला आणि तो निश्चय टळला. पण देह थकलेला होता. १८७४ साली अनंतशास्त्री गेले. त्यांच्यामागून लक्ष्मीबाई गेल्या आणि थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. मागे उरली ती दोन भावंडे.

ही दोघे बहीणभाऊ नंतर हजारो मैल पायी फिरली. उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत दोन खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू ओढून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. पोटाची आग काय असते आणि कोणी दार न उघडणे म्हणजे काय असते, हे रमाबाईंना पुस्तकात वाचावे लागले नाही. पुढच्या साऱ्या चरित्राची किल्ली त्या वाळूच्या खड्ड्यात आहे, असे मला वाटते.

१८७८ साली भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक मराठी मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते, हे पाहून तेथील पंडितमंडळी थक्क झाली. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मानसन्मान झाला, व्याख्याने झाली. परंतु धर्मग्रंथ जसजसे बारकाईने वाचले, तसतसा रमाबाईंच्या मनात संशय वाढू लागला. इतर बाबतींत ग्रंथांचे एकमेकांशी पटत नसले, तरी स्त्री व शूद्र यांना खाली ठेवण्यात त्यांचे एकमत आहे, असे त्यांचे मत बनले. बरोबर की चूक, हा वादाचा विषय होईल. परंतु ते मत दुसऱ्याने शिकवलेले नव्हते, मूळ संस्कृत वाचून बनलेले होते.

१८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर बंगाली, जातीने शूद्र गणलेला. वधू चित्पावन ब्राह्मण. त्या काळी असा विवाह म्हणजे दोन्ही बाजूंनी बहिष्काराला निमंत्रणच! सुखाचे दिवस दीडेक वर्षच टिकले. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी बिपिनबाबू पटकीने गेले. तेवीस वर्षांच्या रमाबाई तान्ह्या मुलीसह विधवा झाल्या.

त्या महाराष्ट्रात परतल्या. पुण्यात १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, ही त्यांची मागणी होती. आपण स्वतःच वैद्यक शिकावे या ओढीने, पुस्तकाच्या उत्पन्नातून वाटखर्च जमवून, १८८३ साली त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकाचे दार बंद झाले.

याच वास्तव्यात तो प्रसंग घडला. वँटेजच्या भगिनींनी रमाबाईंना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. वाईट मार्गाला लागलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी त्या भगिनींचे तेथे काम चाले. पूर्वी जिच्याकडे कोणी पाहिलेही नसते, अशी स्त्री तेथे सावरली होती आणि आता स्वतःच आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होती. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांसाठी काही करावयाचे असते, हेच त्यांना तोवर ठाऊक नव्हते. उलट, त्यांचे तोंड पाहू नये असे त्या ऐकत आल्या होत्या. त्यांनी आपल्याला शिकवणाऱ्या भगिनीला विचारले, की या लोकांना पतित स्त्रियांची एवढी कळवळ कशामुळे वाटते? उत्तरादाखल त्या भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखवला. भर दुपारी विहिरीवर एकटी पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री, जिचा संसार पाच वेळा मोडलेला, जिची जात यहुद्यांना विटाळाची. आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी देवाधर्माच्या गोष्टी बोलणारा येशू. विहीर, पाणी, विटाळ आणि एकाकी बाई! या चार गोष्टी मराठी स्त्रीला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर म्हटले की शास्त्रार्थ, आमिष किंवा भय यांपैकी काहीतरी आपल्या डोळ्यांपुढे येते. रमाबाईंचे तसे नव्हते. शास्त्रार्थात त्या कोणालाही हार गेल्या नसत्या. त्यांनी आधी सेवा पाहिली आणि मग तिचा उगम कुठे आहे याचा शोध घेतला. पुष्कळ लोक श्रद्धेकडून सेवेकडे जातात. रमाबाई सेवेच्या वाटेने श्रद्धेपाशी पोहोचल्या. ती श्रद्धा अंतःकरणात पुरती मुरायला आणखी आठेक वर्षे लागली, हेही त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

महाराष्ट्रात खळबळ उडाली. वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. त्या गदारोळात महात्मा फुले यांनी १८८५ साली 'सत्सार' लिहून रमाबाईंची बाजू उचलून धरली. दुसरीकडे, इंग्लंडातील धर्मगुरूंनाही ही शिष्या सोपी गेली नाही. अधिकाऱ्याने सांगितले म्हणून एखादे मत स्वीकारणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पंथापंथांतील भेद त्यांना पटेनात. शाकाहार त्यांनी सोडला नाही, भारतीय वेष सोडला नाही. ख्रिस्त स्वीकारला म्हणून इंग्रजी रीतिरिवाजही स्वीकारलेच पाहिजेत, हे त्यांनी कधी मान्य केले नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकत व संस्कृत शिकवीत त्या राहिल्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. गावोगावी व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेले त्यांचे पुस्तक १८८७ साली निघाले आणि खूप गाजले. त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व त्याने हिंदू विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा देण्याचे मान्य केले. अट एवढीच, की शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही.

११ मार्च १८८९ रोजी आपल्या मुंबईत, चौपाटीजवळ, 'शारदासदन' उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. १८९० च्या अखेरीस शारदासदन पुण्यास गेले. मुलींचे खाणेपिणे त्यांच्या जातिरिवाजाप्रमाणे चाले. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि दार उघडे ठेवीत. हळूहळू काही मुली त्या दाराशी येऊन बसू लागल्या. येथे वादाची ठिणगी पडली. 'केसरी'ने टीकेचे रान उठवले. संस्थेच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. १८९३ साली त्यांनी संस्थेशी संबंध तोडला. वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

या ठिकाणी चरित्रकाराला एक बाजू घेऊन मोकळे होण्याचा मोह होतो. पण तसे करणे न्यायाचे नाही. रानडे-भांडारकर हे काही सनातनी नव्हते. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी स्वतः टीका सोसली होती. संस्था धर्मनिरपेक्ष राहील या भरवशावर त्यांनी आपले नाव दिले होते, आणि लहान मुलींच्या मनावर आवडत्या बाईंचा प्रभाव पडतो, ही त्यांची शंका खोटी नव्हती. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावीत नाही. पण मला ज्यातून बळ मिळते ते मी दार लावून लपवणार नाही. दोन्ही बाजूंना सत्याचा अंश होता. मी पुष्कळ विचार केला, तरी ही गाठ मला पूर्णपणे सुटली नाही. श्रद्धेतून आलेली सेवा श्रद्धा लपवू शकत नाही. आणि जो सेवा घेतो तो दुबळा असतो, त्यामुळे त्याच्या निवडीविषयी शंका राहतेच. सेवा करणाऱ्याने ही शंका रागावून झटकू नये, सतत स्वतःला विचारीत राहावे, एवढेच म्हणता येईल.

परंतु यानंतर जे घडले तेही पाहिले पाहिजे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचताना रमाबाईंना आपले आईवडील आठवले, वाळूतील खड्डे आठवले. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. सापळे झालेल्या, गुरांसारख्या विकल्या जाणाऱ्या, वाईट लोकांच्या हाती पडू पाहणाऱ्या मुली त्यांनी गोळा केल्या. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. यांतल्या बहुतेक शारदासदनातल्यासारख्या उच्चवर्णीय नव्हत्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि एवढ्या जणींना शहरात ठेवण्यास सरकारची परवानगी नव्हती. तेव्हा केडगावला घेतलेल्या शंभर एकर माळावर त्यांना नेण्यात आले. आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग इमारती, असे 'मुक्तिसदन' उभे राहिले. प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यात स्त्रियांचे जे हाल झाले, त्याविरुद्ध रमाबाईंनी १८९७ साली वर्तमानपत्रातून उघड तक्रार केली आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून राज्यकर्त्यांची भीड त्यांनी बाळगली नाही.

१८९८ साली अमेरिकन मंडळींच्या कराराची दहा वर्षे संपली आणि संस्था उघडपणे ख्रिस्ती झाली. आता आडपडदा उरला नाही. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी मुली आल्या व केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार तोंडे! त्यांचे रोजचे दळण, रोजचे पाणी, आजारपणे यांचा नुसता विचार केला तरी छाती दडपते. नुसते अन्न देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, दुग्धालय, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. आपल्या वडिलांजवळ एवढी विद्या असून हातात उद्योग नव्हता, म्हणून घर बुडाले, हे त्या विसरल्या नव्हत्या. फुलहॅमची आठवण 'कृपासदन' या नावाने उभी राहिली. ज्यांना दुसरीकडे कोठेच जागा नव्हती अशा स्त्रियांसाठी ते होते. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवू लागल्या. जात विचारली जात नसे, आणि पूर्वायुष्यही विचारले जात नसे.

शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी बायबलाच्या मराठी भाषांतराला वाहिली. त्यासाठी उतारवयात, कानांनी ऐकू येत नसताना, त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित भाषांतर साध्या बायकांना कळत नाही, म्हणून त्यांना सोपी मराठी हवी होती. संस्कृतातील 'सरस्वती' अशिक्षित बाईला कळेल असा शब्द शोधीत बसली, यापेक्षा विद्येची दुसरी सेवा कोणती? केडगावच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळवले. १९१३ साली नवा करार छापून झाला.

१९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. आयुष्यभराची सोबतीण, आणि संस्थेची पुढची धनीण म्हणून जिच्याकडे पाहिले ती मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाई हातातले काम पुरे करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून झाले. १९८९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुक्ती मिशनचे काम केडगावला आजही चालू आहे.

एक धागा मात्र केडगावला न जाता वेगळ्या दिशेने गेला. शारदासदनातील त्या गोदूबाईंनी १८९३ साली प्रा. धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला, आणि १९१६ साली त्यातून महिला विद्यापीठ जन्मास आले. आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या जुहूच्या आवारात आपल्या उपनगरांतील कितीतरी मुली शिकतात. अंधेरीहून बसने तेथे जाणाऱ्या मुलीला चौपाटीजवळचे ते १८८९ सालचे घर ठाऊक नसेल. पण तिच्या वाटेचा एक आरंभ तेथेही आहे. कर्वे ख्रिस्ती झाले नाहीत, आनंदीबाईही झाल्या नाहीत. तरीही रमाबाईंनी लावलेला दिवा त्यांच्या घरात पोहोचला. सेवेचे फळ सेवकाच्या धर्माच्या कुंपणाबाहेर पडले, तर ते वाया गेले असे म्हणता येत नाही. मला तर त्यातच त्या सेवेची कसोटी दिसते.

मरोळच्या गावठाणात किंवा बोरिवलीत फिरताना रस्त्याच्या कडेला एखादा जुना क्रूस दिसतो. त्यावर ताज्या झेंडूची माळ असते. आपण तो पाहतो आणि पुढे जातो. आपल्यापैकी पुष्कळजण मिशनच्या शाळांतून शिकले आहेत, कित्येकांचा जन्म भगिनींनी चालवलेल्या इस्पितळात झाला आहे. ही माणसे हे का करतात, असा प्रश्न आपण त्यांना क्वचितच विचारतो. विचारला, तर त्यात बहुधा संशय असतो. रमाबाईंनी तोच प्रश्न जिज्ञासेने विचारला होता.

त्यांचे उत्तर प्रत्येकाचे उत्तर होईलच असे नाही. कोणाला ते विठ्ठलाच्या पायी सापडेल, कोणाला बुद्धाच्या करुणेत, तर कोणाला देव न मानताही माणसात. पण मित्रमैत्रिणींनो, पुढच्या शिबिरात वहीत तास भरून घेण्याआधी तो प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहू या. आपण कशाच्या बळावर हे करतो? उत्तर नसेल, तर सेवा एकशे विसाव्या तासाला संपेल. रमाबाईंना ते सापडले होते, म्हणून वाळूच्या खड्ड्यात रात्र काढलेल्या त्या मुलीने दोन हजार मुलींच्या डोक्यावर छप्पर घातले.

(तृतीय वर्ष कला)